झाशीचे दोनशेवीस

डिसेंबर 2024 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तीव्र स्वरूपाच्या हिमोफिलिया ‘ए’चे पाच रुग्ण. त्यांच्याच रक्तपेशींच्या मूळपेशी काढून घेतल्या, लेंटीव्हायरसच्या वाहनातून त्यांत फॅक्टर आठचे जनुक बसवले आणि त्या पेशी पुन्हा त्यांच्या शरीरात सोडल्या. त्यानंतरच्या पाठपुराव्यात पाचांपैकी कोणालाही आपोआप होणारा रक्तस्राव झाला नाही. ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी अभिमानाने पुढे पाठवली; मीही पाठवली. ते काम अभिमान बाळगण्याजोगेच आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणार आहे. पण ती बातमी वाचल्यापासून एक आकडा माझी पाठ सोडत नाही. तो आकडा वेल्लोरचा नाही, माझ्या गावचा आहे.

मी झाशीचा. गंगाधररावांच्या आणि राणीच्या काळाआधीपासून या शहरात मराठी घरे आहेत, त्यांतल्याच एका घरातला. 2011 च्या जनगणनेनुसार झाशी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे वीस लाख. त्यांत पुरुष साडेदहा लाखांच्या आसपास. हिमोफिलियाचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असल्याने हा आजार तीव्र रूपात प्रामुख्याने पुरुषांत दिसतो. ज्या देशांत या रुग्णांची काटेकोर नोंद ठेवली जाते, तेथील नोंदवह्या एकत्र करून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर लाख पुरुषांमागे हिमोफिलिया ‘ए’चे सुमारे सतरा आणि ‘बी’चे सुमारे चार, असे एकूण एकवीस रुग्ण असतात. एकवीस गुणिले साडेदहा, म्हणजे जवळपास दोनशेवीस.

त्याच अभ्यासात दुसरेही एक प्रमाण आहे, जन्माच्या वेळचे. दर लाख नवजात मुलांमागे साधारण तीस. त्या हिशेबाने साडेदहा लाखांत तीनशेदहाच्या आसपास. म्हणजे उत्तम नोंद आणि उत्तम उपचार असलेल्या देशांतसुद्धा एकवीस आणि तीस यांच्यात अंतर राहते. ही तफावत संख्याशास्त्राची किमया नव्हे. वर्षानुवर्षे उपचारांच्या अभावी जे जगू शकले नाहीत, त्यांची ती रिकामी जागा आहे. झाशीत ती जागा किती मोठी असेल याचा अंदाज वाचकांनी करावा. देशपातळीवर हाच गुणाकार केला, तर भारतात सव्वा लाखाहून अधिक रुग्ण असायला हवेत. प्रत्यक्ष नोंद झालेले त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहेत. उरलेले चार हिस्से कोठे आहेत?

त्यांतला एक मला आठवतो. आमच्या गल्लीत माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा एक मुलगा होता. त्याचा गुडघा अधूनमधून कोहळ्यासारखा सुजे. घरात गुडघा, दारात ‘घुटना’, अशी आमची मिश्र बोली. पण दोन्हीकडे निदान एकच होते, ‘गठिया’. मग मोहरीच्या कोमट तेलाने मालिश व्हायचे. सांध्यात रक्त साचलेले असताना मालिश करणे म्हणजे जखमेवर दाब देऊन ती पुन्हा उघडणे, हे तेव्हा तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याचा दुधाचा दात पडला तेव्हा तीन दिवस उशी लाल होत राहिली. त्याचा मामा लहानपणी पायरीवरून पडून गेला, असे त्याची आई सांगे. किती साधी पायरी, आणि माणूस कसा गेला, याचे सर्वांना नवल वाटे. गुडघा, दात आणि मामा या तीन गोष्टी एका ओळीत मांडल्या असत्या, तर वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही कान टवकारले असते. पण त्या एका ओळीत कोणी मांडल्याच नाहीत. पुढे विशीत एका दूरच्या शहरात अक्कलदाढ काढल्यावर रक्त थांबेना, तेव्हा निदान झाले. तोवर गुडघा कायमचा वाकलेला होता.

हे सांगताना कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण निदानाची वाट खरोखरच बिकट आहे. ती विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी.

रक्त साकळण्याची क्रिया ही प्रथिनांची एक साखळी आहे. एक जागे झाले की ते पुढच्याला जागे करते आणि शेवटी फायब्रिनचे जाळे विणले जाते. या साखळीची प्राथमिक तपासणी दोन चाचण्यांनी होते, ‘पीटी’ आणि ‘एपीटीटी’. हिमोफिलियात पहिली नॉर्मल येते, दुसरीला वेळ अधिक लागतो. मग रुग्णाच्या प्लाझ्मात निरोगी माणसाचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून तीच चाचणी पुन्हा करायची. वेळ पूर्ववत झाली, तर एखादे प्रथिन कमी आहे असे समजायचे. झाली नाही, तर त्या प्रथिनाला अडवणारे प्रतिपिंड असण्याची शक्यता. कोणते प्रथिन आणि किती कमी, हे त्यापुढचे काम. फॅक्टर आठ सर्वसाधारण पातळीच्या एक टक्क्याहूनही कमी असेल तर आजार तीव्र, एक ते पाच टक्के असेल तर मध्यम, त्याहून वर चाळीसपर्यंत सौम्य.

कागदावर हे सोपे दिसते. आता झाशीतून विचार करा. रक्त निळ्या टोपीच्या सायट्रेटच्या नळीत घ्यायचे, तेही नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट या मापानेच. नळी अर्धवट भरली तर उत्तर चुकणार. प्लाझ्मा वेगळा करून साधारण चार तासांच्या आत चाचणी व्हायला हवी, कारण फॅक्टर आठ हे नाजूक प्रथिन आहे, ते नळीत बसल्या बसल्या कमी होत जाते. लखनौ झाशीपासून सुमारे तीनशे किलोमीटर. नमुना नुसता गाडीने पाठवला, तर निरोगी माणसाचे रक्तही तेथे पोहोचेपर्यंत थोडे हिमोफिलियाचे सोंग आणील. प्लाझ्मा गोठवून कोरड्या बर्फात पाठवता येतो. पण त्यासाठी ती व्यवस्था हवी, आणि ती रोजची हवी. नाहीतर रुग्णालाच पाठवायचे. सुजलेला गुडघा, रात्रीची गाडी, बुडालेली मजुरी, आणि तेथे गेल्यावर ‘पुढच्या मंगळवारी या’. दोनशेवीसांपैकी किती जण ही वाट शेवटपर्यंत चालत असतील?

म्हणूनच मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने केलेले एक काम मला वेल्लोरच्या कामाइतकेच मोलाचे वाटते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातली ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था. रक्तविज्ञानात या आवाराचा वारसा जुना आहे. 1952 साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे रक्तगट’ जगापुढे आणला, तो याच शहरात. तेव्हा सारा शोध एका साध्या प्रश्नातून सुरू झाला होता, की या माणसाला कोणाचेच रक्त का जुळत नाही. आज त्याच परंपरेतल्या संस्थेने हिमोफिलिया ‘ए’ आणि फॉन विलेब्रांड आजार यांसाठी रुग्णाच्या जवळच करता येईल अशी पट्टीवरची चाचणी विकसित केली आहे. गर्भधारणेच्या चाचणीची पट्टी बहुतेकांनी पाहिलेली असते, तत्त्व तसेच. मोठे यंत्र नको, गोठवलेल्या नमुन्यांचा प्रवास नको. तिने तीव्रतेचे नेमके माप मिळणार नाही, ते काम मोठ्या प्रयोगशाळेचेच राहील. पण कोणत्या मुलाला तीनशे किलोमीटर पाठवायचे आणि कोणाला नाही, हे तालुक्याच्या गावी ठरू शकेल.

या चाचणीची बातमी किती जणांनी पुढे पाठवली? जनुक-उपचाराला मथळा मिळतो, पट्टीला आतल्या पानावर चौकट. आपण विज्ञानाचे वाचक म्हणवतो. या आवडीनिवडीला आपणही जबाबदार आहोत असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कोणी म्हणेल, छोट्या जिल्ह्यांत रक्त साकळण्याची चाचणी करणे हेच मुळी अवघड. हे मला मान्य नाही, कारण ती तेथे होते. मात्र हिमोफिलियासाठी नाही, सापासाठी. घोणस चावलेला शेतकरी आला, की दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे. नळी कलती केल्यावर रक्त ओघळले, तर विषाने साकळण्याची यंत्रणा कोलमडवली आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. ही वीस मिनिटांची चाचणी कोकणापासून बुंदेलखंडापर्यंतच्या ग्रामीण डॉक्टरांच्या हातातली आहे. (घोणसीच्या शास्त्रीय नावातला ‘डाबोया’ हा शब्दही मूळचा हिंदीच, दबा धरून बसणारा अशा अर्थाचा.) तिचे विष साखळीतल्या फॅक्टर दहाला थेट जागे करते, आठ आणि नऊ यांची वाट पाहत नाही. म्हणूनच 1934 साली इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी हे विष पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमेवर लावून पाहिले, आणि रक्त थांबले. ज्या सापाने आपल्याकडे माणसे रक्तस्रावाने मरतात, त्याचेच विष रक्त थांबवायला! त्या विषावर आधारलेली एक चाचणी आजही प्रयोगशाळांत वापरात आहे. सांगायचे ते इतकेच, की वीस मिनिटांची नळी हिमोफिलिया शोधायला पुरेशी नाही, सौम्य रुग्ण तर तिच्यातून सहज निसटतात. पण ज्या ठिकाणी ती शिस्तीने करता येते, त्या ठिकाणी पट्टीही करता येईल.

आता एका नावाविषयी. हिमोफिलियाचा उल्लेख आला की ‘राजघराण्यांचा आजार’ हे बिरुद पाठोपाठ येते. पाठ्यपुस्तकांत राणी व्हिक्टोरियाची वंशावळ असते, चौकोन-वर्तुळांची. झाशीकराला ती वंशावळ पाहताना काही वेगळेच दिसते. 1853 साली व्हिक्टोरियाला आठवे अपत्य झाले, राजपुत्र लिओपोल्ड. त्याला हिमोफिलिया होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात झाशीत गंगाधरराव निवर्तले आणि पुढल्या वर्षी दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा झाले. 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या, तेव्हा लिओपोल्ड पाच वर्षांचा होता, आणि त्याला खरचटू नये म्हणून राजवाड्यात माणसे तैनात होती. 1884 साली फ्रान्समध्ये कान येथे घसरून पडल्याने तो गेला, अवघ्या तिसाव्या वर्षी. रशियाच्या झारच्या कुटुंबाच्या अवशेषांवरून 2009 साली सिद्ध झाले की या घराण्यातला आजार हिमोफिलिया ‘बी’ होता, फॅक्टर नऊच्या जनुकातला दोष.

गोष्ट रंजक आहे, म्हणूनच ती घातक ठरते. हा आजार दूरच्या गोऱ्या राजांचा, आपल्याकडे कोठला, असा समज तिच्यातून रुजतो. वास्तविक हिमोफिलियाला जात, धर्म, देश काही ठाऊक नाही. जवळजवळ एकतृतीयांश रुग्णांत तर घराण्यात पूर्वी कोणालाच तो नसतो, जनुकातला बदल नव्यानेच घडलेला असतो. माझ्या गल्लीतल्या मामाची वंशावळ कोणी काढली नाही. ती व्हिक्टोरियाच्या वंशावळीइतकीच स्पष्ट झाली असती.

वंशावळीत बायकांची वर्तुळे अर्धी काळी दाखवतात. वाहक असा शब्द वापरतात, जणू त्या नुसत्या हमाल. प्रत्यक्षात अनेक वाहक स्त्रियांत फॅक्टरची पातळी इतकी खाली असते की त्यांना स्वतःलाच रक्तस्रावाचा त्रास होतो. फॉन विलेब्रांड आजार तर स्त्री-पुरुष दोघांनाही होतो, आणि स्त्रियांत तो दर महिन्याला दिसतो. मासिक पाळी आठ-आठ, दहा-दहा दिवस चालते, हिमोग्लोबिन खालावते, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पण रक्त का थांबत नाही हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण तिच्या आईचेही असेच होते, आजीचेही असेच होते. घरात तीन पिढ्यांचे ‘असेच’ असणे हीच खरे तर चाचणी करण्याची खूण. पट्टीवर फॉन विलेब्रांडचाही समावेश आहे, हे मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते. शिवाय हिमोफिलियाचे निदान झाले की घरात दोष आईकडे जातो, ‘तुझ्या माहेरचे रक्त’. हे बोल थांबवायचे तर समुपदेशन हवे, आणि ते निदानाच्या आधी शक्य नाही.

दुर्मीळ प्रकार आणखी वेगळे. फॅक्टर तेराच्या कमतरतेत बाळाची नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त झिरपत राहते, आणि गंमत अशी की ‘पीटी’, ‘एपीटीटी’ दोन्ही नॉर्मल येतात, कारण गुठळी वेळेवर होते, फक्त ती कच्ची असते. ती युरियाच्या द्रावणात टाकली की विरघळून जाते. हीच तिची जुनी, स्वस्त चाचणी. असे आजार दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावर होतात, त्यामुळे मामा-भाचीची आणि आते-मामे भावंडांची लग्ने होतात त्या समाजांत ते अधिक आढळतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगायला नको.

वेल्लोरकडे परत येतो, कारण त्या कामावर अन्याय करायचा नाही. पाश्चात्त्य देशांत मान्यता मिळालेले जनुक-उपचार एडिनो-संलग्न विषाणूचे वाहन वापरून यकृतात जनुक पोहोचवतात. हिमोफिलिया ‘बी’साठीच्या एका उपचाराची किंमत पस्तीस लाख डॉलर आहे. शिवाय ज्यांच्या शरीरात त्या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड आधीच आहेत, त्यांना यांतले काही उपचार देता येत नाहीत, आणि भारतात असे लोक पुष्कळ आहेत. वेल्लोरच्या गटाने, अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या सहकाऱ्यांसह, वाहनच बदलले आणि यकृताऐवजी अस्थिमज्जेची वाट धरली. प्रश्न इथला ओळखून उत्तर शोधले, हे मला त्यातले सर्वांत मोठे वाटते. पण त्यासाठी आधी तीव्र औषधांनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, त्याचे धोके आहेत, आणि रुग्ण अजून पाचच आहेत. लेखकांनी हे लपवलेले नाही; ‘हिमोफिलिया बरा झाला’ हे मथळे त्यांचे नव्हेत, आपले आहेत.

असाही युक्तिवाद ऐकू येतो की वरचे विज्ञान आधी होऊ द्या, ते हळूहळू खाली झिरपेल. हिमोफिलियाचा इतिहास याला फारसा दुजोरा देत नाही. फॅक्टर आठचे जनुक 1984 साली हाती आले. चाळीस वर्षे उलटली. मधल्या काळात प्रयोगशाळेत बनवलेले फॅक्टर आले, आठवड्याला किंवा महिन्याला त्वचेखाली टोचण्याचे एमिसिझुमॅब आले, कित्येक राज्यांत सरकारी रुग्णालयांतून फॅक्टर मोफत मिळू लागले, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचे नाव आले. यांतली प्रत्येक गोष्ट फक्त त्यालाच मिळते, ज्याच्या हातात निदानाचा कागद आहे. त्या कागदाविना फुकटचे फॅक्टरही कपाटातच राहते.

सिकलसेलच्या बाबतीत देशाने उलट क्रम धरला. 2023 च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने आधी सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले, उपचार त्यामागोमाग. हिमोफिलियासाठी सरसकट तपासणी करण्याची गरज नाही, तो तितका सर्वत्र नाही. पण रक्त न थांबणाऱ्या माणसाची तपासणी मात्र चुकू नये. सुंता झाल्यावर, दात काढल्यावर, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर, बाळंतपणानंतर ज्यांचे रक्त नेहमीपेक्षा जास्त वेळ वाहिले, त्यांची यादी प्रत्येक रुग्णालयात आपोआप तयार होत असते. ती कोणी वाचत नाही एवढेच.

झाशीत 1968 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, राणीच्याच नावाचे. तेथल्या किंवा अशाच एखाद्या जिल्ह्यातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने प्रबंधासाठी हा विषय घ्यावा असे मला फार वाटते. दोन वर्षांतल्या अशा रुग्णांची यादी काढायची, त्यांना बोलवायचे, गुडघ्याविषयी, दाताविषयी आणि मामाविषयी विचारायचे, निळ्या टोपीची नळी पूर्ण भरायची, शक्य असेल तेथे पट्टी वापरून तिच्या उत्तराची तुलना नेहमीच्या चाचणीशी करायची. बारा रुग्ण सापडतील किंवा चाळीस. जे सापडतील, त्यांच्या घरातल्या मुलांच्या गुडघ्यांवर पुढच्या वेळी कोणी तेल चोळणार नाही, बर्फ ठेवतील.